पंपाचा आवाज येत नाही

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नवी वही सुरू करतो. जुनी संपली. दुकानदाराने अशी वही गळ्यात मारली आहे की रेघा दिसतच नाहीत. छापणाऱ्याने शाई वाचवली असणार. अक्षर रेघेवर बसवायला गेलं की खालच्या ओळीत उतरतं. आजकाल कोणत्याच मालात दम राहिला नाही.

आज चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरचा कार्यक्रम आटोपून मी आणि बायको नीला ब्रह्मपुरीला घरी आलो. आपल्या मारुती झेनने. गाडी जुनी आहे, पेट्रोलची आहे, पण अजून शब्दाबाहेर नाही. मी उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगवर काढली. चिमूरची गाडी चालवली, गडचांदूरची मुक्कामी चालवली, आणि एकदाही अंदाजाने ओव्हरटेक केलं नाही. समोरचं स्पष्ट दिसलं तरच गाडी बाहेर काढायची, नाहीतर मागे राहायचं. निवृत्त झालो तरी माझ्या गाडीत नियम एसटीचेच. प्रवासी मागच्या सीटवर, सामान पुढच्या सीटवर, आणि मागून डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलणार नाही. कंडक्टर नसल्यामुळे नीला बांगडीने काचेवर वाजवते. एकदा वाजवलं की थांबा, दोनदा वाजवलं की चला. इतक्या वर्षांत तिने एकदाही कुरकुर केली नाही.

येताना सिंदेवाहीच्या पुढे जंगलात दिवस मावळत होता. वळणावर रस्त्याच्या कडेला वाघ बसलेला दिसला. पिवळाधमक, चांगला बैलाएवढा. मी जागच्या जागी ब्रेक मारला, दिवे बंद केले आणि नीलाला श्वास रोखायला सांगितलं. बराच वेळ आम्ही तसेच बसलो. मागे दोन मोटारसायकली थांबल्या. मग या बाईने काय करावं? दार उघडलं, पदर खोचला आणि सरळ वाघाकडे चालत गेली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा ते हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या धानाचे भारे निघाले. कोणीतरी कापून रस्त्याला लावून ठेवले होते. वाघ अर्थातच भाऱ्यांच्या मागे होता आणि ती चालत येताना पाहून निघून गेला. तसं मी तिला समजावून सांगितलं.

घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. घाबरली असावी.

१८ ऑक्टोबर

विहाराजवळच्या कट्ट्यावर वाघाची हकीकत सांगितली. आम्ही म्हातारे रोज दुपारी तिथे बसतो. सगळ्यांनी ऐकली. घरी आलो तर नीला आणि खुशबू चुलीजवळ बसून हसत होत्या. मला पाहून गप्प झाल्या. खुशबू समोरच्या घरातली पोरगी. ती गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीच्या टपावर लाल अक्षराची पाटी आहे. बाईमाणसाने हा धंदा करावा याला माझी हरकत नाही, पण ती वळणावर हॉर्न कमी वाजवते.

एक गोष्ट फक्त इथे लिहितो. दसऱ्याआधी वडसाला गेलो होतो तेव्हा डोळ्याच्या डॉक्टरकडे डोकावलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हणे. ऑपरेशन करून घ्या म्हणाला, आणि तोवर दिवस कलल्यावर गाडीला हात लावू नका. पोरसवदा डॉक्टर होता. मी घरी कोणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. डोळ्याचं नाव काढलं की चावी गेलीच समजा.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

धुरपताचा फोन आला. माझी धाकटी बहीण, कुरखेड्याच्या पलीकडे दिली आहे. तिच्या गावची मंडई यंदा ३० नोव्हेंबरला. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडईचे दिवस ठरतात. पाहुणेरावळे गोळा होतात, दिवसा बाजार भरतो आणि रात्री नाटक. दरवर्षी मी दिवस कलताना इथून निघतो आणि दिवेलागणीला तिच्या दारात गाडी उभी करतो. धुरपता पाण्याचा लोटा घेऊन बाहेर येते आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं म्हणते, "आला माझा डायवर भाऊ."

हे ऐकायला मी वर्षभर थांबतो. लिहायला लाज वाटत नाही.

नीला फोनजवळच उभी होती. म्हणाली, यंदा बसने जाऊ. मी म्हटलं, घरात ड्रायव्हर असताना?

२४ ऑक्टोबर

नीला खुशबूला सोबत घेऊन चंद्रपूरला गेली होती. आधार कार्डाचं काम. अंगठ्याचा ठसा जुळत नाही म्हणे. इतकी वर्षं जुळत होता.

जाण्याआधी दोन दिवस ती खुशबूच्या मोबाइलवर रस्त्यावरच्या पाट्यांची चित्रं पाहत बसली होती. वळण, शाळा, गतिरोधक. मी विचारलं तर म्हणाली, टाइमपास.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज गाडीने दगा दिला.

नागभीडकडच्या एका गावी मंडई होती. संध्याकाळी निघायचं म्हणून सेल मारला. इंजिन फिरतं, फिरतं, पण पेटत नाही. पुन्हा मारला, तेच. डिझेलची एसटी असती तर मी ओळखलं असतं की लाइनमध्ये हवा घेतली, आणि हातपंप मारून हवा काढून मोकळा झालो असतो. ही पेट्रोलची इंजेक्शनवाली. हिचा पंप टाकीच्या आत विजेवर चालतो. चावी फिरवली की दोन क्षण बारीक घूं असा आवाज येतो आणि बंद होतो. तो आवाज आला तर पंप जिवंत.

मी टाकीचं झाकण काढून तिथे कान लावला आणि नीलाला चावी फिरवायला बसवलं. उगाच वेळ काढत होती. आधी गिअरचा दांडा हलवून पाहिला, मग पायाने काहीतरी दाबलं, मग चावी फिरवली. मी म्हटलं, बाई, नुसती चावी फिरव, तुला विमान उडवायचं नाही. आवाज आला नाही. माझे कान शाबूत आहेत, त्यामुळे पंपच गेला हे सिद्ध झालं.

मंडईला जाता आलं नाही. नीलाने मात्र झटपट झुणका-भाकर केली आणि गुणगुणत वाढली.

२७ ऑक्टोबर

पंपावर आरोप ठेवण्याआधी फ्यूज पाहावा, ही रीत आहे. स्टिअरिंगच्या खाली डबी असते. पंपाचा फ्यूज निळा, पारदर्शक, बोटाच्या पेरापेक्षा लहान. आत एक बारीक तार. तार अखंड असली तर चांगला, तुटली असली तर जळलेला. शेंबड्या पोरालाही समजेल असं काम.

मी तो उपसून अंगणात आणला आणि सूर्यासमोर धरला. तार अखंड. नीला शेजारी तांदूळ निवडत होती. तिला दाखवून म्हटलं, पाहा, कसा लख्ख आहे. तिने हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "तुमाले तार दिसून राह्यली का?"

"अर्थात."

"मंग चांगलाच असन," असं म्हणून तिने तो मला परत दिला. पण तिचा चेहरा एकाएकी उतरला. पंपाचा खर्च तिच्या डोळ्यांपुढे आला असणार. बायकांना यंत्राची काळजी नसते, खर्चाची असते.

२९ ऑक्टोबर

नागभीड रोडवरच्या दसरू मडावीला बोलावलं. हुशार मिस्त्री, पण बोलतो फार कमी. त्याने बॅटरीपासून थेट वायर ओढून पंपाला दिली. घूं! पंप बोलला. "पंप तर बोलते, श्रीहरीभाऊ," तो म्हणाला. मग त्याने फ्यूजची डबी उघडली, निळा फ्यूज काढला, पाहिला आणि नीलाकडे पाहिलं. नीलाने त्याच्यापुढे चहाचा कप धरला. कप धरूनच उभी राहिली. दसरूने फ्यूज होता तिथे पुन्हा खोचला, चहा प्यायला आणि बराच वेळ आभाळाकडे पाहत बसला.

शेवटी म्हणाला, "भाऊ, नागपूरवरून सामान आना लागन. टाइम लागन."

मी विचारलं, थेट दिल्यावर चालतो मग गाडीतून का चालत नाही? तर म्हणे, जुन्या पंपाला मन असते. हे मला पटलं. मागे मला एक एसटी अशीच मिळाली होती. चढावर कधी रडली नाही, पण डेपोत शिरताना हमखास बंद पडायची.

मजुरी घ्यायला दसरू तयार होईना. जाताना नीलाला हात जोडून गेला. मला नाही.

४ नोव्हेंबर

काही गोष्टी जुळत नाहीत. लिहून पाहतो.

गाडी दिवसभर अंगणात उभी असते आणि पेट्रोलचा काटा खाली येत चालला आहे. ड्रायव्हरची सीट आपोआप पुढे सरकते. मी मागे घेतो, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पुढे. आरसा खाली वाकतो. काल कट्ट्यावरून आलो तर बॉनेट चुलीसारखं गरम. आणि आज क्लचच्या पायाशी केसांत खोचायची पिन सापडली.

पुष्कळ विचार केला. सीटचा खटका झिजला आहे. आरशाचा स्क्रू ढिला आहे. बॉनेट उन्हाने तापतं. पिन चिमणीने आणली असेल, त्या घरट्यासाठी काहीही उचलतात. राहिला पेट्रोलचा प्रश्न. माझ्या मते पंप अधूनमधून स्वतःच्या मर्जीने चालू होतो आणि पेट्रोल कुठेतरी जिरवतो. दसरू म्हणालाच होता की त्याला मन असतं.

नीलाला हा सिद्धांत सांगितला. तिने पदर तोंडाला लावला आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली. आतून खोकल्याचा आवाज येत होता. हवा बदलली की तिला खोकला होतो.

८ नोव्हेंबर

आजचा दिवस फार चांगला गेला.

जेवण झाल्यावर नीला म्हणाली, अवो, उतारावर गाडी कोणत्या गिअरमधी ठेवता? इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा काही विचारलं. मला भरून आलं. मी तिला पाटावर बसवलं, हातात ताट दिलं, ते स्टिअरिंग. पायाशी तीन उलट्या वाट्या मांडल्या. लाटणं उभं केलं, तो गिअर. मग सगळं सांगितलं. ज्या गिअरने चढ चढतो त्याच गिअरने उतरायचं. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. समोरच्याचे दिवे डोळ्यावर आले तर डाव्या काठाकडे पाहायचं. गुरं दिसली की हॉर्न नाही, धीर. आणि समोरचं स्पष्ट दिसत नसेल तर ओव्हरटेक नाही, मागची गाडी कितीही बोंबलू दे.

"आन अंदाज आला तर?" तिने विचारलं.

मी म्हटलं, अंदाजाने भाजीत मीठ घालावं, गाडी चालवू नये.

तिने हाफ-क्लच तर असा साधला की मी थक्क झालो. म्हटलं, नीला, तू चुकून घरात राहिलीस. ती खाली पाहत म्हणाली, "तुमी शिकोलं तर यीन." वाट्या उचलायला आम्हाला दोघांनाही सुचलं नाही.

१२ नोव्हेंबर

चमत्कार आणि मग वाटोळं. क्रमाने लिहितो.

सकाळी मी स्वतःच पंपाची कसून परीक्षा घ्यायची ठरवली. इंजिनकडे जाणारी पेट्रोलची नळी सोडवून बाटलीत धरायची आणि चावी लावून पाहायचं की पेट्रोल येतं का. नीला आंघोळीला गेली होती, म्हणून चावी चालू करून नळी धरायला पळत पुढे आलो. पंप मेलेला आहे या भरवशावर नळी आधीच सोडवून ठेवली होती, ही माझी चूक. पेट्रोलची पिचकारी थेट तोंडावर. मिशा, सदरा, सगळं न्हाऊन निघालं. पंप ठणठणीत!

बादलीभर पाण्याने तोंड धुतलं, नळी जोडली, सदरा बदलला आणि सेल मारला. पहिल्या झटक्यात गाडी सुरू. डबल बेल द्यायला कोणी नव्हतं, पण आनंदाच्या भरात नियम मोडला आणि गाडी बाहेर काढली. विहारापर्यंत जाऊन परत येताना फाटकाचा खांब आडवा आला. आमच्याच फाटकाचा. हा खांब नेहमीच्या जागेवर नव्हता, असं माझं प्रामाणिक मत आहे. डावा दिवा फुटला.

खरी गोष्ट अशी की खांबापाशी शेजारच्या चैतूबुवांची दोन वर्षांची नात खेळत होती. नीला ओल्या केसांनी धावत आली आणि तिने पोरीला उचललं, तेव्हा मला कळलं की तिथे पोरगी आहे. तिला काही झालं नाही. ती हसतच होती. नीला मात्र पांढरीफटक पडली.

नंतर तिने माझ्यासमोर बसून सरळ सांगितलं, डोळे दाखवून घ्या. मी भडकलो. म्हटलं, पंप बिघडला, खांब सरकला आणि दोष माझ्या डोळ्यांना? माझे डोळे काढायचे असतील तर सरळ काढ. ती रडली नाही. उठून गेली.

१३ नोव्हेंबर

काल भडकलो त्याचं वाईट वाटतं. पोरगी सारखी समोर येते. इथे खोटं लिहून उपयोग नाही. मला भीती वाटते. ऑपरेशनची नाही. डोळ्यावर पट्टी बांधून दोन आठवडे पडलो आणि उठल्यावर लोक म्हणाले, आता राहू द्या भाऊ, तुमचं वय झालं, तर? स्टिअरिंग सोडलं तर मी कोण, हे मला माहीत नाही. धुरपता लोटा घेऊन कोणाला बोलावणार?

गाडी आज पुन्हा बंद. पंपाचा आवाज नाही. फ्यूज पुन्हा पाहिला, तार अखंड. मी आता या पंपाला कंटाळलो आहे.

१९ नोव्हेंबर

दसरू दिवा बसवून गेला. नागपूरचं सामान अजून आलं नाही म्हणे. नीला सध्या माझ्याशी फार गोड वागते. दुपारी मला कट्ट्यावर लवकर पिटाळते आणि उशिरा आलो तर खूश होते.

कट्ट्यावर हरिदास म्हणाला, काल एक झेन वडसाच्या रस्त्याला पाहिली, अगदी तुमच्यासारखी, हळूहळू, कडेकडेने, काय शिस्तीत चालली होती. मी म्हटलं, कोणी एसटीवाला असणार.

२५ नोव्हेंबर

नीला पुन्हा चंद्रपूरला जाऊन आली, खुशबूबरोबर. आधारची दुरुस्ती झाली एकदाची. येताना पेढे घेऊन आली आणि सगळ्या आळीत वाटले. बायका येऊन तिला मिठ्या मारत होत्या. चैतूबुवांच्या सुनेने तर हार घातला. आधार कार्डासाठी लोक एवढं अभिनंदन करतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं. पण सरकारी काम आहे, होतं तेव्हा आनंद होणारच.

मला कार्ड पाहायचं होतं. म्हणाली, पोस्टाने येणार आहे.

२९ नोव्हेंबर

उद्या मंडई. ठरवलं आहे. पंप चालो न चालो, दसरूकडून थेट बॅटरीची वायर मारून घेईन, पण गाडी मीच नेणार, आणि नेहमीच्याच वेळी. धुरपताला तसं कळवलं. नीलाने ऐकलं आणि म्हणाली, तुमी म्हनान तसं. तिने दोन नव्या साड्या इस्त्री केल्या.

१ डिसेंबर, सोमवार. धुरपताच्या घरी

कालचं लिहितो. रेघा आजही दिसत नाहीत.

दुपार कलली तेव्हा मी बॅग पुढच्या सीटवर ठेवली आणि सेल मारला. गाडी पेटली नाही. आवाज नाही. मी पंपाला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग नीला आली. नवी साडी, केसांत फूल. माझ्या खिडकीशी उभी राहिली आणि मूठ उघडली. तळहातावर दोन निळे फ्यूज होते.

"यातला एक चांगला हाय, एक जळेल हाय," ती म्हणाली. "कोणता जळला ते सांगा. बरोबर सांगतलं तर चांगला लावून देते, आन तुमीच चालवा. मी मांगं बसते, बेल देते."

मी दोन्ही घेतले. अंगणात गेलो. ऊन अजून चांगलं होतं. एक सूर्यासमोर धरला, मग दुसरा. दोन्हींतली तार अखंड. पुन्हा पाहिलं. डोळे पुसून पाहिलं. दोन्ही सारखेच लख्ख. तेव्हा हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागलं की मी इतके दिवस कोणाला शिव्या देत होतो. सीट, आरसा, पिन, डबीत चुकून राहिलेला चांगला फ्यूज, आधारच्या नावाने काढलेलं लायसन, पेढे, सगळं एकामागून एक आठवत गेलं. मी पायरीवर बसलो.

नीला शेजारी येऊन बसली.

"सारी जिंदगी तुमच्या मांगं बसली," ती म्हणाली. "जंगल असो का पूर असो, मले कधी भेव नाई लागलं. आता लागते. चैतूबुवाची नात दिसली नाई तुमाले. उद्या आनखी कोणी दिसनार नाई."

मला राग यायला हवा होता. आला नाही. लाज आली, आणि तिच्याबद्दल काय वाटलं ते सांगायला मला शब्द नाहीत. मी अंदाजाने एक फ्यूज पुढे करू शकलो असतो. बरोबर लागला असता, किंवा नसता. पण माझ्या हातात दोन फ्यूज होते आणि मला स्पष्ट दिसत नव्हतं, आणि दिसत नसेल तर गाडी बाहेर काढायची नाही. मी दोन्ही फ्यूज आणि चावी तिच्या ओटीत टाकली.

तिने नुसतं पाहून एक उचलला. डबीत खोचला. चावी फिरवली. घूं.

मी नियमाप्रमाणे मागे बसलो. तिने सीट पुढे घेतली, आरसा वाकवला आणि थांबली. इंजिन चालू, गाडी जागेवर. "अवो, बेल," ती म्हणाली. मी बाहेर पाहत राहिलो. एवढं सगळं गेल्यावर बेलही मागते. ती जरा थांबली, स्वतःच दोनदा हॉर्न दिला आणि निघाली. समोरच्या दारात खुशबू टाळ्या वाजवत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

वडसा मागे पडलं तरी मी तिच्यातल्या चुका शोधत होतो. सापडत नव्हत्या म्हणून आणखी चिडत होतो. वळणाच्या आधी ब्रेक. उतारावर चढाचाच गिअर. समोरून दिवे आले की नजर डाव्या काठाला. एका ट्रकच्या मागे ती कितीतरी वेळ मुकाट्याने राहिली आणि मागचा जीपवाला हॉर्न मारून दमला. ही गाडी मला ओळखीची वाटू लागली. माझ्याच हाताची होती ती, फक्त हात तिचे होते.

कुरखेड्याच्या अलीकडे जंगलात अंधारून येत होतं. तिने हळूच गाडी थांबवली.

"अवो," ती अगदी हळू म्हणाली. "वाघ."

मी पुढे वाकून पाहिलं. कडेला पिवळं काहीतरी होतं, चांगलं बैलाएवढं. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा फसत नाही. मी म्हटलं, धानाचे भारे आहेत, घे पुढे.

भारे उठले. त्यांनी अंग ताणून आळस दिला, आमच्या नव्या दिव्याकडे एकदा पाहिलं आणि सावकाश रस्ता ओलांडून पलीकडे झुडपांत गेले. शेपूट मलासुद्धा दिसलं.

वाघ दिसेनासा झाला तरी ती गाडी हलवेना. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, आरशात तिचे डोळे माझ्याकडे. यावेळी तिने हॉर्नला हात लावला नाही. ती वाट पाहत होती. मला कळलं, तिला खरंच बेल हवी होती. मागे कोणीतरी आहे, सगळं ठीक आहे, चला, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं, जसं मला इतकी वर्षं तिच्याकडून हवं असायचं. मी बोटातली अंगठी काचेवर दोनदा वाजवली. गाडी निघाली.

दिवेलागणीला धुरपताच्या दारात पोचलो. अंगण पाहुण्यांनी भरलेलं. ती लोटा घेऊन धावत आली आणि ओरडली, "आला माझा डायवर..." आणि थांबली, कारण पुढच्या दारातून नीला उतरली. धुरपता कधी तिच्याकडे पाहते, कधी माझ्याकडे. नीलाही माझ्याकडेच पाहत होती, आणि एवढ्या मोठ्या जंगलातून गाडी आणणारी बाई आता घाबरली होती.

मी मागच्या दाराने उतरलो. म्हटलं, "पानी तिले दे, धुरपता. डायवर ती हाय. मी कंडक्टर."

लोक हसले, नीला त्यांच्याहून जास्त हसली आणि मग तिने डोळे पुसले. नाटकाला आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. रंगमंचावरचं काही नीट दिसलं नाही, पण ती कानात सांगत होती.

परवा परतताना वडसाला उतरून ऑपरेशनची तारीख घ्यायची आहे. गाडी तीच नेईल. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना क्लच ती किंचित लवकर सोडते, एवढी एक चूक अखेर मला सापडली आहे. सांगणार आहे, पण गाडी थांबल्यावर. चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये, असं एसटीत लिहिलेलं असतं.